बुडबुडे जपायचे असतील तर : घरच्या घरी ‘फ्रेंच ७५’

स्पार्कलिंग वाइनचं कॉकटेल मी पहिल्यांदा केलं तेव्हा जिन, लिंबाचा रस, पाक, बर्फ आणि वाइन असं सगळं एकाच शेकरमध्ये ओतलं, झाकण लावलं आणि जोरात हलवलं. चौथ्या झटक्याला झाकण उडालं. निम्मं पेय माझ्या शर्टावर, थोडं भिंतीवर आणि उरलेलं ग्लासात. ग्लासातलं चाखून बघितलं तर आंबटगोड पाणी. एकही बुडबुडा शिल्लक नव्हता. पाहुणे सभ्य होते, त्यांनी ते प्यायलं.

त्या दिवशी जे कळलं त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. या कॉकटेलमध्ये चव जमवणं फारसं अवघड नाही. आंबट, गोड आणि दारू यांचं प्रमाण दोन-तीन खेपांत हाताला बसतं. खरं काम आहे ते वाइनमधला वायू बाटलीतून ग्लासात आणि ग्लासातून तोंडापर्यंत शाबूत नेण्याचं. ग्लास कसा पुसायचा, बर्फ कधी घालायचा, काय आधी ओतायचं, हे सगळं त्या एका कामासाठी आहे.

उदाहरण म्हणून घेतलंय ‘फ्रेंच ७५’. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि वरून स्पार्कलिंग वाइन. चारच जिन्नस. नाव पडलं ते फ्रेंच सैन्याच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेवरून. १८९७ सालची ही तोफ पहिल्या महायुद्धात गाजली. पेयाला तोफेचं नाव का, ते दुसरा ग्लास संपल्यावर कळतं. त्याचा हिशेब पुढे दिलाय.

बाटलीत नेमकं काय कोंडलेलं असतं

शॅम्पेनच्या ७५० मिलीच्या बाटलीत साधारण ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो सगळा मोकळा केला तर जवळपास ५ लिटर वायू होईल, म्हणजे बाटलीच्या सहापटीहून जास्त. तो आत राहतो तो दाबामुळे. बंद बाटलीतला दाब सुमारे ६ वातावरणांइतका असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीनपट. बूच निघालं की वायूला बाहेर पडायची घाई होते, आणि ती घाई वाढवणाऱ्या गोष्टी तीन आहेत.

पहिली उष्णता. थंड द्रवात वायू जास्त विरघळून राहतो आणि द्रव कोमट झाला की निसटतो. दुसरी धक्का : हलवणं, उंचावरून ओतणं, चमच्याने खळखळून ढवळणं. तिसरी गोष्ट पटकन ध्यानात येत नाही, ती म्हणजे खरखरीत कण. गुळगुळीत काचेवर बुडबुडा सहसा जन्मत नाही. तो जन्मतो काचेला चिकटलेल्या कापडाच्या तंतूवर, धुळीच्या कणावर, साखरेच्या दाण्यावर, बर्फाच्या चुऱ्यावर किंवा फळाच्या गरावर. ग्लासाच्या तळातून एकामागून एक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसते ना, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा डोळ्यांना न दिसणारा तंतू असतो. दोन-चार तंतू शोभेचे. पण गाळणीतून निसटलेला बर्फाचा चुरा आणि लिंबाचा गर मूठभर गेला, की ग्लासात उकळी फुटल्यासारखा फेस होतो आणि मिनिटभरात सगळं शांत.

गरम, धक्का, कण. ही तीन नावं ध्यानात ठेवली तर पुढची कुठलीही पायरी पाठ करावी लागत नाही.

वाइन कुठली घ्यायची

शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातच बनलेली वाइन. तिथे दुसरं आंबवणं, ज्यातून बुडबुडे येतात, ते त्याच बाटलीत होतं, म्हणून बुडबुडे बारीक आणि चवीला पावाच्या कवचासारखा वास. पण जिन, लिंबू आणि साखर पडल्यावर त्या वासाचा बराचसा भाग झाकला जातो. भारी शॅम्पेन असेल तर ती नुसती प्या. कॉकटेलला स्पेनची कावा किंवा फ्रान्सच्याच इतर प्रांतांतली क्रेमाँ उत्तम. दोन्ही बाटलीतच आंबवतात, म्हणून बुडबुडे टिकाऊ असतात. इटलीच्या ईशान्य भागातली प्रोसेको ग्लेरा नावाच्या द्राक्षाची आणि बहुतेक करून मोठ्या बंद टाकीत आंबवलेली. तिच्यातला दाब सहसा शॅम्पेनपेक्षा कमी, चव फळांकडे झुकलेली. फ्रेंच ७५ ला ती चालते, पण तिची खरी जागा पीचसारख्या फळांच्या कॉकटेलमध्ये.

लेबलवर एक शब्द बघायचा : ब्रुट. ब्रुट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. पाक आपण वेगळा घालणारच आहोत, तेव्हा वाइन कोरडी हवी. इथे एक फसगत हमखास होते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव वाचून वाटतं, ही ब्रुटपेक्षाही कोरडी असेल. उलट आहे. एक्स्ट्रा ड्राय म्हणजे १२ ते १७ ग्रॅम, नुसतं ‘ड्राय’ किंवा ‘सेक’ म्हणजे १७ ते ३२ आणि ‘डेमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५०. ही नावं पडली तेव्हा लोक फार गोड वाइन पीत, त्या मानाने ती कोरडी होती. हाताशी एक्स्ट्रा ड्रायच असेल तर घाबरू नका, पाक चमचाभर कमी करा.

साध्या पांढऱ्या वाइनमध्ये सोडा घालून भागेल का, असं मला बऱ्याचदा विचारतात. पेय होतं, वाईटही लागत नाही, पण वाइन पातळ होते आणि बुडबुडे मोठे, लवकर विझणारे असतात. ते वेगळं पेय आहे, त्याला वेगळं नाव द्या.

पाक आणि लिंबू

पाकाला १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी. मंद आचेवर ढवळत राहायचं, साखर विरघळून द्रव काचेसारखा नितळ झाला की लगेच गॅस बंद. उकळू द्यायचा नाही. आपल्याला तार यायला नको आहे. एकतारी पाक थंड वाइनमध्ये नीट मिसळत नाही, तळाशी बसतो आणि शेवटचा घोट सरबतासारखा लागतो. एवढ्या साखरेचा साधारण १६० मिली पाक होतो. पूर्ण गार करून स्वच्छ बाटलीत भरला तर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. साखर थेट शेकरमध्ये टाकायचा मोह आवरा. थंड आंबट रसात ती पुरती विरघळत नाही, आणि न विरघळलेला प्रत्येक दाणा म्हणजे बुडबुड्यांची सुटकेची वाट.

लिंबू ताजंच. बाटलीतल्या रसाला एक शिळा, उकळल्यासारखा वास असतो आणि या पेयात तो लपायला जागा नाही. मूळ कृतीत जाड सालीचं पिवळं लिंबू आहे. हिरव्या लिंबानेही होतं, फक्त चव जरा टोकदार येते, तेव्हा रस १५ ऐवजी १२ मिलीवर सुरू करा. लिंबू फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, तळहाताखाली दाबून फिरवा, मग पिळा. रस जास्त निघतो. एक मात्र आधी करा : पिळण्यापूर्वी साल काढून ठेवा. सोलाण्याने बोटभर लांब पट्टी काढायची, फक्त पिवळा थर. खालचा पांढरा भाग कडू असतो. पिळलेल्या लिंबाची साल काढायला बसलात तर मऊ पडलेल्या लिंबावरून सोलाणं घसरतं आणि अंगठ्याला लागतं. अनुभवाचे बोल.

रस बारीक गाळणीतून गाळून घ्या. कारण वर सांगितलंच.

गार करणं

यात घाई चालत नाही. वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअसला हवी. फ्रिजमध्ये बाटली किमान तीन तास तरी ठेवा, आदल्या रात्री ठेवली तर उत्तम. पाहुणे दारात आणि बाटली कपाटात अशी वेळ आली तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घाला, बाटली गळ्यापर्यंत बुडवा, २०-३० मिनिटांत काम होतं. पाणी विसरू नका. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात, पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. मूठभर मीठ टाकलं तर बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं आणि बाटली अजून लवकर गार होते.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरणं हा मात्र धोका आहे. वाइन गोठताना फुगते आणि आत आधीच दाब असतो. बाटली फुटली तर फ्रीझरभर काचा.

ग्लासही गार करा. दहा मिनिटं फ्रिजमध्ये पुरे. कोमट काचेला लागताच वाइन फसफसून उठते आणि तुम्ही अजून घोटही घेतलेला नसताना बराच वायू गेलेला असतो.

ग्लास कुठला? उंच निमुळता फ्लूट असेल तर छान, बुडबुडे टिकतात आणि दिसतातही. पसरट, बशीसारखा कूप देखणा, पण त्यातून वायू लवकर जातो, तेव्हा कूपमध्ये कमी ओता आणि लवकर संपवा. यातलं काहीच नसेल तर वाइनचा साधा ग्लास घ्या. मला स्वतःला तोच आवडतो, कारण फ्लूटमध्ये नाक जात नाही आणि लिंबाच्या सालीचा वास वाया जातो. ग्लास कुठलाही असो, धुतल्यावर साबणाचा अंश राहू देऊ नका. साबण आणि तेलकटपणा फेसाला मारतो. गरम पाण्याने खळबळून उपडा वाळवा.

बाटली उघडणं

सिनेमात बूच छताला लागतं आणि फेसाचं कारंजं उडतं. ते कारंजं म्हणजे तुम्ही जपायला निघालात तोच वायू. शिवाय मोकळं सुटलेलं बूच ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने जाऊ शकतं आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतं. म्हणून ही पायरी शांतपणे.

बाटली फ्रिजमधून काढून ओट्यावर मिनिटभर स्थिर ठेवा. धक्के देत आणली असेल तर अजून थोडा वेळ. वरचा वर्ख काढा. खाली तारेची जाळी दिसेल आणि तिची पिळलेली कडी. आता अंगठा बुचावर ठेवा आणि इथून पुढे तो हलवायचा नाही, बूच बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या हाताने कडी उलटी पिळा. साधारण सहा अर्धे वेढे असतात. जाळी सैल झाली तरी काढू नका, बुचासकट तशीच मुठीत धरा. ओलसर बूच घसरतं, तारेमुळे पकड राहते. मूठ रुमालाने झाकली तर अजून बरं.

बाटली ४५ अंशांत तिरपी करा. तोंड माणसांकडे नको, खिडकीकडेही नको. तिरप्या बाटलीत द्रवाला हवेशी भिडायला जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून फेस एकदम वर चढत नाही. आता बूच घट्ट धरा आणि खालचा हात बाटलीच्या बुडाशी नेऊन बाटली फिरवा. बूच फिरवायचं नाही. बूच फिरवलं तर ते तुटू शकतं. बाटली एक-दोन वेढे फिरली की तळहाताला कळतं : आतून कोणीतरी हळूच ढकलतंय. या क्षणी बहुतेक जण बूच ओढतात. ओढू नका, उलट आत दाबून धरा. बुचाला बाहेर यायचंय आणि तुम्ही त्याला सावकाश येऊ देताय. शेवटच्या इंचाला बूच किंचित एका बाजूला कलवा, वायूला एक बारीक फट द्या. ‘फुस्स’ असा सुस्काऱ्यासारखा आवाज यायला हवा. ‘फट्’ आला तरी काही बिघडलं नाही, पुढच्या वेळी हात आणखी घट्ट ठेवा.

बाटली तशीच तिरपी दोन-तीन सेकंद धरून मग सरळ करा. नीट गार असेल तर एक थेंब सांडत नाही.

आता कॉकटेल

एका ग्लासाला लागतं ते असं :

जिन ३० मिली
लिंबाचा गाळलेला रस १५ मिली
साखरेचा पाक १२ मिली
थंडगार ब्रुट वाइन ९० मिली
लिंबाच्या सालीची एक पट्टी

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत पाक १५ मिली आणि शॅम्पेन ६० मिली आहे. तसं केलं तर पेय जास्त कडक आणि जास्त गोड होतं. मला वाइन पुढे आलेली आवडते, म्हणून हे प्रमाण. माप मात्र खरोखर मोजा. मोजपात्र नसेल तर मोठा टेबलस्पून १५ मिलीचा आणि छोटा टीस्पून ५ मिलीचा धरा. नजरेच्या अंदाजाने जिन नेहमी जास्त पडते आणि लिंबू नेहमी कमी, का ते देव जाणे.

जिन, रस आणि पाक शेकरमध्ये घाला. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी चालते. दोन-तृतीयांश बर्फाने भरा. मोठे, कडक खडे घ्या. वितळायला लागलेला ओला बर्फ पेय पातळ करतो. झाकण लावा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. शेकरवर बाहेरून धुकं धरलं आणि धातू हाताला चावायला लागला की झालं. या वेळात बर्फ वितळून साधारण १५ मिली पाणी आत येतं. ते पाणी कृतीचा भाग आहे, त्यानेच जिनची धार बोथट होते.

पुन्हा सांगतो, वाइन शेकरमध्ये जात नाही. माझी भिंत अजून साक्ष देते.

गार ग्लासात दुहेरी गाळा, म्हणजे शेकरची जाळी आणि खाली चहाची बारीक गाळणी. बर्फाचा चुरा वर राहतो आणि ग्लासात जेमतेम सत्तर मिली, फिकट, किंचित धुकट द्रव उतरतो. ग्लास तिरपा धरा, बाटलीचं तोंड काठाला टेकवा आणि वाइन काचेवरून घसरत खाली जाऊ द्या. फ्रान्समधल्या ऱ्हाँस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. त्यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवून दिलं की असं तिरप्या ग्लासात ओतल्यावर सरळ ओतण्यापेक्षा जास्त वायू टिकतो, आणि वाइन जितकी थंड तितका फायदा जास्त. आधी तीस-चाळीस मिली ओता. फेस चढेल, तो बसू द्या. मग उरलेली.

ढवळायचं का? जवळजवळ नाही. खालचं मिश्रण पाकामुळे जड असतं आणि वाइन वरून येताना बरंचसं मिसळून जातं. लांब चमचा तळापर्यंत न्या, एकदाच हळू वर उचला, बाहेर काढा. बस.

शेवटी साल. पट्टीची पिवळी बाजू ग्लासाकडे करून दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि मुडपा. उजेडाच्या बाजूला धरलंत तर तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पडताना दिसतो. काठावरून एकदा फिरवा आणि आत सोडा. हे तेल म्हणजे पहिल्या घोटाचा निम्मा स्वाद, त्यामुळे ही पायरी शोभेची समजून गाळू नका.

लगेच प्या. फोटोसाठी पाच मिनिटं ठेवलंत तर फोटो चांगला येईल.

बिघडलं तर

फार आंबट लागलं तर अर्धा चमचा पाक काठावरून सोडा आणि चमचा एकदा उचला. फार गोड असेल तर लिंबू पिळत बसू नका, वाइन थोडी वाढवा. ब्रुट वाइनमध्ये स्वतःचा आंबटपणा भरपूर असतो. पेय मिळमिळीत, पाणचट लागत असेल तर बर्फ ओला होता किंवा शेकर फार वेळ हलवलात. बुडबुडेच नसतील तर आता इलाज नाही. पुढच्या ग्लासाला तीन गोष्टी तपासा : वाइन खरंच गार होती का, ग्लास कोमट होता का, रस गाळला होता का. माझ्याकडून दहातल्या आठ वेळा चूक झालीय ती कोमट ग्लासाची.

आठ जणांसाठी

प्रत्येक ग्लासासाठी शेकर हलवत बसलात तर तुम्ही स्वयंपाकघरात आणि गप्पा बाहेर. त्यापेक्षा खालचं मिश्रण आधी करून ठेवा. २४० मिली जिन, १२० मिली गाळलेला रस, १०० मिली पाक आणि ११० मिली थंड पाणी. पाणी विसरायचं नाही, वितळणाऱ्या बर्फाचं काम इथे तेच करतं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा. त्याहून आधी करायचं तर लिंबाचा रस ऐनवेळी घाला, त्याचा ताजेपणा लवकर उतरतो. प्रत्येक ग्लासात ७० मिली मिश्रण आणि वर ९० मिली वाइन. ७५० मिलीच्या एका बाटलीत आठ ग्लास बसतात आणि थोडी उरते. सगळं मोठ्या भांड्यात एकत्र करून ठेवणं मात्र टाळा, शेवटच्या माणसाला नुसतं सरबत मिळतं.

आता तो तोफेचा हिशेब. ४० टक्क्यांची ३० मिली जिन म्हणजे १२ मिली शुद्ध अल्कोहोल. १२ टक्क्यांच्या ९० मिली वाइनमध्ये जवळपास ११ मिली. एकूण २३. ग्लासात द्रव १६० मिलीच्या आसपास, म्हणजे पेय १४ टक्क्यांचं झालं, नुसत्या वाइनपेक्षा कडक. लागतं मात्र लिंबूपाण्यासारखं. तेव्हा सोबत खायला आणि पाणी ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्याला हे देऊ नका. त्याच्यासाठी रस, पाक आणि थंड सोडा, वर तशीच सालीची पट्टी.

हात बसल्यावर

जिन नको असेल तर सरळ काढून टाका. १० मिली रस, १० मिली पाक, दोन चमचे थंड पाणी आणि १२० मिली वाइन. हलकं, दुपारचं पेय होतं.

त्याहून सोपं म्हणजे कीर रॉयाल : ग्लासात १० मिली ब्लॅककरंट या बेरीची गोड लिकर, क्रेम द कासीस, आणि वर ९० मिली शॅम्पेन. शेकर नाही, बर्फ नाही. कीर हे नाव आलं फेलिक्स कीर यांच्यावरून. ते धर्मगुरू होते आणि १९४५ पासून १९६८ पर्यंत दिजों शहराचे महापौर. पाहुण्यांना साधी पांढरी वाइन आणि कासीस देण्याची त्यांची रीत होती. त्यात शॅम्पेन आली की ‘रॉयाल’.

बेलिनी दिसायला सोपं, पण हाताला अवघड. व्हेनिसमधल्या हॅरीज बारच्या जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको एकत्र केलं आणि चित्रकार जोव्हान्नी बेलिनीचं नाव दिलं. एक भाग गर, दोन भाग वाइन. पण गर म्हणजे कणांचं आगर, त्यामुळे वाइन पडताच फेस ग्लासाबाहेर. उपाय असा : गर अगदी थंड करा, बारीक गाळणीतून घासून घ्या, त्यात चमचाभर वाइन घालून आधी सैल करा आणि मग उरलेली थेंबाथेंबाने म्हणावं इतकी सावकाश ओता.

आणि शॅम्पेन कॉकटेल या नावानेच ओळखलं जाणारं जुनं पेय कणांचा हाच नियम उलटा वापरतं. साखरेच्या खड्यावर अँगोस्टुरा बिटर्स या कडवट अर्काचे दोन शिंतोडे टाकायचे, खडा ग्लासाच्या तळाशी ठेवायचा, १० मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) आणि वर ९० मिली शॅम्पेन. खडा खरखरीत असल्याने त्याच्यावरून बुडबुड्यांची दाट माळ वर चढत राहते. वायू जातो, पण जाताना तमाशा दाखवून जातो. साखर पुरती विरघळत नाही, म्हणून पहिले घोट कोरडे आणि शेवटचे गोड.

उरलेल्या बाटलीचं

बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा उलटा अडकवला तर बुडबुडे टिकतात, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. चमच्याने काहीही होत नाही. उघड्या बाटलीतही वाइन दुसऱ्या दिवशी थोडी फसफसते ती फ्रिजच्या गारव्यामुळे, श्रेय चमच्याला मिळतं. स्पार्कलिंग वाइनसाठी दोन पाकळ्यांनी गळ्याला पकडणारं खास बूच मिळतं, ते लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी कॉकटेलला चालते, तिसऱ्या दिवशी सहसा नाही. साधं बूच ठोकून बसवू नका, आतला दाब ते उडवून देतो.

अगदी शांत झालेली वाइनही ओतून देऊ नका. पुढच्या खेपेचा पाक करताना पाण्याऐवजी ती वापरा : १०० मिली वाइन, १०० ग्रॅम साखर, मंद आच, उकळी न येऊ देता. पाक थोडा आंबूस होतो, म्हणून त्या ग्लासात लिंबाचा रस १५ ऐवजी १२ मिली घ्या.